अठ्ठेचाळीस इंच

सतरा माणसं, दोन व्हॅन,
आणि मधुवंतीवहिनीचा रंगीत चौकटींचा तक्ता:
सोमवार-मंगळवार पाळणे, बुधवारी देव,
गुरुवारी पुन्हा पाळणे,
कारण तिकीट तीन दिवसांचं घेतलं तर स्वस्त.

टी-शर्ट डॅलसहून छापून आले.
तिथल्या मशीनला वेलांटी कळली नाही,
पाठीवर आम्ही सगळे 'टपिणीस परिवार'.
वामनकाका म्हणाले, असू दे, इथे कोण वाचतंय.

किसिमी गावात डोंगर नावाला नाही.
जमीन पोळपाटासारखी,
काही उंच दिसलं की समजायचं, तिकीट आहे.
पहिल्याच डोंगराच्या दारात
रंगवलेलं अस्वल पंजा आडवा धरून उभं:
अठ्ठेचाळीस इंच. त्याखालच्यांनी बाहेर थांबावं.
निहारचे केस कंगव्याने उभे केले,
बुटात हातरुमाल कोंबले,
तरी पंजा दीड बोट वरच.
तो रडला नाही.
आत्याशेजारी बाकावर बसून
आमच्या किंकाळ्या मोजत राहिला.
चौदा, म्हणाला. बाबांची दोनदा धरली.

शशिकलाआत्याने त्याला डब्यातली दशमी दिली
आणि दारावरच्या तिकिटवाल्या मुलीकडे बघत राहिली,
आपल्याच खात्यातलं माणूस भेटावं तशी.
वेरूळला सव्वीस वर्षं नोकरी तिची,
आधी खिडकीत, मग आत, खांबाशी, स्टुलावर.
एकच वाक्य, तीन भाषांत, शिट्टीसकट:
हात लावू नका.

बुधवारी गुहेतलं देऊळ.
टायरच्या दुकानामागे, सपाट गवतातून
एकदम उठलेला करडा कातळ.
दारावरच्या स्वयंसेवकाने, एका निवृत्त दंतवैद्याने,
अभिमानाने सांगितलं: तारेची जाळी, वर सिमेंटचा फवारा.
आणि कारागीर? ते अस्वल उभं आहे ना,
त्यामागचा डोंगर ज्याने केला, तोच.
ड्वेन नाव. गाभाऱ्याचं काम चालू असताना
बूट बाहेर काढायचा, कुणी न सांगता.

आत्याने बोटाच्या पेराने कातळ वाजवला,
कलिंगड बघतात तसा.
पोकळ, म्हणाली.
मग मला सांगत राहिली, खरं लेणं वरून खाली येतं,
कळस आधी, पाया शेवटी,
एक घाव चुकला तर जोडता येत नाही.
इथे सगळं जोडलेलंच.
गंगासुद्धा पंपावरची, सोमवारी तिला सुट्टी.

आत वाट अरुंद झाली.
मग छत उतरलं. मग अजून उतरलं.
काका वाकले, वहिनी रांगली,
सहा फुटी जयदीपचं डोकं दोनदा आपटलं,
अख्खा टपिणीस परिवार गुडघ्यांवर,
पुढच्याच्या तळपायांकडे बघत.
निहार तेवढा उभा.
ताठ चालत, वळून वळून:
चला ना. किती वेळ.

आत्या मध्येच थांबली.
मला वाटलं, गुडघा.
तिच्यासमोर भिंतीवर एक जागा
हाताहातांनी तेलकट, गुळगुळीत, काळी पडलेली,
शेजारी पाटी: तोल सांभाळण्यासाठी इथे हात टेका.
तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली.
मागे रांग खोळंबली, कुणीतरी गुजरातीत कुरकुरलं.
मग तिने उजवा तळहात भिंतीवर ठेवला,
पाचही बोटं पसरून.
मग डावा.
आणि काढेचना.

गुरुवारी पुन्हा अस्वल. पुन्हा दीड बोट.
आत्या बाकावरून उठली,
निहारला जवळ घेऊन
अस्वलाच्या पंजावर पेर वाजवलं.
ऐक, म्हणाली. हेही पोकळ.
तेवढ्यात दारावरची ती मुलगी ओरडली,
भाषा इंग्रजी, पण सूर नेमका तोच,
दुपारी तीनच्या सुमाराचा, दमलेला.
आत्याने लगेच हात मागे घेतला.
बरोबर आहे तिचं, म्हणाली,
आणि उरलेली दशमी
त्या मुलीला नेऊन दिली.